सोमवारच्या चकत्या

सोमवार, २ फेब्रुवारी

दारातल्या फळ्यावरची तारीख आज सहाव्यांदा पुसली. ‘नव्या पद्धतीची पहिली चिप’ एवढं वर कायमच्या रंगाने लिहिलेलं आहे आणि खाली तारीख. फळा लिहिणाऱ्या कारकुनाने मला विचारलं की तारखेच्या जागी कागद चिकटवला तर चालेल का, पुसून पुसून फळा खराब होतोय. मी त्याला नव्या साहेबांकडे जा म्हटलं. तो गेला नाही. शहाणा आहे.

आधीच्या पाच तारखांशी माझा काही संबंध नव्हता, हे इथे लिहून ठेवतो. पहिल्यांदा यंत्रं बंदरात अडकली. सुटली तेव्हा आमचं दार लहान निघालं. दार पाडून मोठं केलं, तर यंत्राखालची जमीन थरथरते असा शोध लागला. जमीन पक्की केली, तर यंत्र जोडायला आलेला इंजिनिअर जिन्यावरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी गेला. मग रसायन बदललं. सहावी तारीख मात्र माझी. छपाई खातं माझं आहे आणि जानेवारीपासून गाडी छपाईत अडली आहे.

चिप बनवणं म्हणजे मुळात छपाईच. सिलिकॉनची ताटाएवढी चकती घ्यायची, तिच्यावर रसायनाचा थर पसरायचा, प्रकाशाने नकाशा उमटवायचा आणि नको ते धुऊन काढायचं. जुन्या पद्धतीत हे मी सत्तावीस वर्षं केलं. नव्या पद्धतीत ओळी इतक्या बारीक आहेत की त्यांच्याबद्दल नुसतं बोललं तरी त्या बिघडतील असं वाटतं. आणि बिघडतातच. आजच्या पंचवीस चकत्यांपैकी चांगल्या निघाल्या सहा.

ही डायरी मेहुण्याने दिली. त्याचं सौंदर्यप्रसाधनांचं घाऊक दुकान आहे. डायरीबरोबर त्याने कलपाची बारा पाकिटंही दिली. नवे साहेब जानेवारीत आले, एकोणचाळीस वर्षांचे. पहिल्याच भाषणात ‘ताज्या दमाची माणसं’ हे शब्द त्यांनी चार वेळा वापरले, मी मोजले. मी छप्पन्न वर्षांचा आहे. त्या रविवारपासून कलप लावतो.

हिचं म्हणणं असं की कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात असता, कुणाला दिसणार आहे. मी म्हटलं, भुवया दिसतात. तेव्हापासून भुवयांनाही लावतो.


गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज एकोणीस चकत्या चांगल्या. सोमवारी सहा, मंगळवारी नऊ, काल चौदा, आज एकोणीस. याचं कारण मला माहीत आहे, फक्त सांगत नाही, बढाई वाटेल. पण डायरीत सांगायला काय हरकत. मी जातीने उभा असतो.

रसायन पसरवणाऱ्या यंत्राला बाजूला एक छोटी झडप आहे. नियमाप्रमाणे ती बंद ठेवायची असते. मी ती उघडतो आणि डोकं आत घालून थराची झाक बघतो. थर जाड झाला की पातळ, हे मी नुसत्या झाकीवरून सांगतो, यंत्र नंतर मोजतं आणि माझंच खरं निघतं. जुन्या मोठ्या साहेबांनी एकदा पाहुण्यांना बोलावून हे दाखवलं होतं. नव्यांना माहीत नाही. आठवडाभर मी रोज डोकं घालतोय आणि आकडे रोज चढताहेत.

हवाबाई आज मागे उभी राहून बघत होती. ती कारखान्यातली हवा मोजते म्हणून सगळे तिला हवाबाई म्हणतात, तिलाही ते ठाऊक आहे. तिशीची असेल. मी झडप लावून वळलो तर म्हणाली, नियमात नाही ना हे सर. मी म्हटलं, नियम शिकाऊ लोकांसाठी असतात. तिने वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या जागेवर डोळा आहे की काय कोण जाणे.


सोमवार, ९ फेब्रुवारी

चार. पंचवीसपैकी फक्त चार.

सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर टोपी. ओळ सरळ भिंतीसारखी उभी राहायला हवी, तर वरचा भाग धुतलाच जात नाही, पसरून राहतो. साहेबांनी विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, कुत्र्याच्या छत्र्या. त्यांनी अहवालात काय लिहिलं माहीत नाही.

बैठकीत खापर पाण्यावर फुटलं. पाण्याच्या खात्याचा प्रमुख म्हणाला, त्याचं पाणी इतकं शुद्ध आहे की प्यायलं तर माणूस आजारी पडेल. यावर अर्धा तास गेला.


सोमवार, १६ फेब्रुवारी

पाच. गेल्या शुक्रवारी एकवीस होत्या. आता सगळा कारखाना ‘सोमवारची बाधा’ असं म्हणू लागलाय. यंत्रावर बसणाऱ्या मुली सोमवारी हळू आवाजात बोलतात.

आज खापर मालट्रकांवर. शनिवार-रविवार मागचा रस्ता मोकळा असतो, सोमवारी ट्रक सुरू होतात आणि जमीन हादरते, असं साहेबांचं मत. मग शुक्रवारी ट्रक हवेत चालतात का, असं विचारणार होतो, पण माझ्या खात्यावरचं बालंट टळतंय म्हटल्यावर गप्प बसलो. हे काही शोभणारं नव्हतं.

घरी हिला सांगितलं. ही शाळेत गणित शिकवते. म्हणाली, “सोमवारी वाईट आणि शुक्रवारपर्यंत चांगलं होत जातं, म्हणजे जे काही घडतं ते रविवारी घडतं. रविवारी कारखान्यात काय करता?” मी म्हटलं, रविवारी कारखाना बंद असतो. ही म्हणाली, मग घरात बघा. शाळेतल्या गणितात आणि खऱ्या उद्योगात फरक असतो हे मी तिला शांतपणे समजावलं.

अंग कसकसतंय.


सोमवार, २३ फेब्रुवारी

मंगळवार ते शनिवार तापाने अंथरुणात होतो. आज रुजू झालो तर कुणी तब्येत विचारेना. जो तो आनंदात. मी नसताना बुधवारपासून रोज तेवीस, चोवीस चकत्या चांगल्या निघाल्या म्हणे. शुक्रवारी तर पंचवीसच्या पंचवीस. साहेबांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सत्तावीस वर्षं ज्या कामापाशी उभा राहिलो, ते मी पडून असताना सुरळीत चालतं, हे पचेना. साहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बघा, तुम्ही खात्याला किती छान तयार केलंय, आता तुमच्यावाचूनही चालतं.” त्यांना ते कौतुक वाटत असावं.

तापाने तोंड उतरलं होतं, म्हणून काल कलप दोनदा लावला, दुसरा हात जरा जास्त वेळ ठेवला. आज दिवसभर झडपेपाशीच होतो, हललो नाही. दाखवून द्यायचं होतं.

चांगल्या चकत्या दोन.

संध्याकाळी हवाबाईने विचारलं, “सर, राग मानू नका, रविवारी तुम्ही काय करता?” हाच प्रश्न हिनेही विचारला होता. मी म्हटलं, आराम. ती म्हणाली, फक्त आराम? काय ही चौकशी. आजकाल वरिष्ठांची भीड म्हणून राहिलेली नाही.


शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहू नये असाच आहे, पण लिहितो.

मुख्य कचेरीच्या बाई पाहणीला आल्या. नवी पद्धत आमच्याकडे ठेवायची की दुसऱ्या गावच्या कारखान्याला द्यायची, हे त्यांच्या हातात. दिली तर आमच्याकडे जुनी पद्धत उरणार, आणि जुन्या चिपा घेणारी गिऱ्हाइकं वर्षभरात संपणार. म्हणजे तीनशे माणसांनी घरी बसायचं. साहेबांनी हुशारीने भेटीचा वार शुक्रवार ठरवला होता, कारण आमचा शुक्रवार हमखास चांगला.

एवढ्या मोठ्या बाई येणार म्हणून मी काल रजा टाकून घरी थांबलो. केस, भुवया, कानापुढची लव, सगळं नीट केलं. सकाळी आरशात पंचेचाळिशीचा दिसत होतो. ही म्हणाली, टोपी काढू नका, नाहीतर रंग लागेल.

तीन चकत्या. शुक्रवारी तीन. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत डोकं झडपेत घालून होतो, बाईंना माझं काम जवळून दिसावं म्हणून. झाक उत्तम होती. प्रत्येक ओळीवर टोपी.

बाई चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, २७ मार्चला पुन्हा येते, पंचवीसपैकी वीस चांगल्या दाखवा, नाहीतर यंत्रं दुसरीकडे हलवू. फळ्यावर तीच तारीख लिहिली. यावेळी कारकुनाने अक्षर बारीक काढलं.


मंगळवार, ३ मार्च

हवाबाईने बैठकीत बॉम्ब टाकला. दोष पाण्याचा नाही, ट्रकचा नाही, हवेचा आहे. नवं रसायन नाजूक आहे. हवेत चिमूटभर अमोनिया असला तरी थराचा वरचा भाग धुतला जात नाही, टोप्या उरतात. जुन्या रसायनाला फरक पडत नव्हता. “कुणीतरी किंवा काहीतरी अमोनिया आत आणतंय,” असं म्हणून ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. अनुभवी माणूस काय म्हणतो याची वाट बघत असणार. मी मान डोलावली.

साहेबांनी शोध समिती नेमली. अध्यक्ष मी. साहेब म्हणाले, इथला कानाकोपरा तुमच्याइतका कुणाला माहीत नाही. बऱ्याच दिवसांनी छाती भरून आली.


शुक्रवार, ६ मार्च

समितीचं काम जोरात. संशयितांची यादी :

यंत्रावरची धाकटी मुलगी, कारण तिचं बाळ सहा महिन्यांचं आहे आणि लंगोट ती स्वतः धुते. छपरावरची कबुतरं. तोंडाला वास येऊ नये म्हणून गुळण्या करणारा पाण्याचा प्रमुख. आणि फरशीकाका.

फरशीकाका म्हणजे तेवीस वर्षं आतली फरशी पुसणारे. त्यांच्या बादलीतलं पाणी मी हुंगलं, नाकात झिणझिण्या आल्या. ते म्हणाले, “साहेब, हे तेच औषध आहे. मी रोज पुसतो. सोमवारीही पुसतो आणि शुक्रवारीही.” मी म्हटलं, समिती ठरवेल. समितीने, म्हणजे मी, ठरवलं. त्यांना आजपासून मागच्या भंगाराच्या अंगणात बसवलं आहे. त्यांनी बादली रिकामी केली आणि ती घेऊन गेले.

हवाबाईने या निर्णयावर सही केली नाही. म्हणाली, अजून आठवडाभर बघू या.


सोमवार, ९ मार्च

फरशीकाका बाहेर. बादली बाहेर. चकत्या चार.

अध्यक्षपद जड जातंय.


गुरुवार, १२ मार्च

हवाबाईने माझ्या टेबलावर तिची हवेची नोंदवही आणून ठेवली. जानेवारीपासून कोणत्या दिवशी अमोनिया किती, किती चकत्या वाया गेल्या, सगळं सुबक अक्षरात. शेवटचा रकाना ‘यंत्राच्या झडपेजवळ कोण होतं’ हा मात्र रिकामा. सतरा वाईट दिवस, सतरा रिकाम्या जागा.

ती म्हणाली, “सर, हा रकाना तुम्ही भरा. घाई नाही. पण सत्तावीसच्या आत भरा.”

आता हवाबाईची कारकुनीही मीच करायची. वही खणात टाकली.


शनिवार, १४ मार्च

हवा मोजायचा डबा घरी आणला आहे. जेवणाच्या डब्याएवढा आहे, अमोनिया दिसला की किंचाळतो. अध्यक्षाला तो वापरता आला पाहिजे. हवाबाईने मागितल्याबरोबर दिला, वर म्हणाली, उद्या रविवारी जरा वापरून बघा. चांगली मुलगी आहे, मी उगाच संशय घेतला.

आज स्वयंपाकघरात लावून बघितला, गप्प. दिवाणखान्यात गप्प. ही म्हणाली, आपल्या घरात सगळं गप्पच असतं.


रविवार, १५ मार्च

दुपार.

आत्ताच लिहून टाकतो, रात्री हिंमत होणार नाही.

अकरा वाजता मोरीत नेहमीप्रमाणे वाटीत कलप कालवला. डबा खिडकीत ठेवला होता, सहज. तो किंचाळायला लागला. आधी वाटलं मोरीचं तोंड तुंबलंय. भोकावर पाट ठेवला, डबा किंचाळतोच. खिडकी उघडली, किंचाळतोच. मग डबा वाटीजवळ नेला तर आवाज असा वाढला की शेजारच्या वहिनींनी भिंत वाजवली. वाटी बाहेर ठेवून आलो. भुवयांना आधीच लावून झालं होतं. डबा तोंडासमोर धरला. पुन्हा तोच आवाज.

ही दारात येऊन उभी राहिली. मी मोरीत उकिडवा बसलो होतो, एक भुवई काळी, एक पांढरी, हातात डबा. तिने नळ सोडला आणि माझं तोंड धुऊन दिलं.

रविवारी लावायचा, सोमवारी डोकं झडपेत घालायचं. चार-पाच दिवसांत वास विरायचा. तापात होतो तेव्हा पंचवीस. बाई येणार म्हणून गुरुवारी लावला तेव्हा तीन. दोन महिने सगळा कारखाना ज्याला शोधतोय, तो मी. अध्यक्षसुद्धा मीच.


सोमवार, १६ मार्च

पोट बिघडलं म्हणून रजा टाकली.

दिवसभर एकच विचार. आता फक्त कलप लावायचा नाही. बस्स. आकडे आपोआप सुधारतील, सत्तावीसला वीस चकत्या मिळतील, तीनशे माणसं वाचतील, मीही वाचेन. कुणाला कळायचं कारण नाही. हवाबाईला कळलंय हे आता लक्षात आलं, पण ती बोलणार नाही, बोलायचं असतं तर रकाना तिनेच भरला असता.

चार वाजता पाण्याच्या प्रमुखाचा फोन आला. आज तेवीस चकत्या. सगळे खूश. साहेबांनी कारण पक्कं केलंय : फरशीचं औषध. ते पूर्ण उतरायला दहा दिवस लागले, असं त्यांचं म्हणणं. बुधवारी अहवालावर सही, आणि फरशीकाकांना कायमचं काढणार. “तुमच्या समितीचं यश,” तो म्हणाला.

मी वाईट माणूस नाही असं आजवर वाटायचं. आज मात्र अर्धा तास तरी, पाऊण तास असेल, गप्प राहायचं असंच ठरवलं होतं.


मंगळवार, १७ मार्च

न्हाव्याला म्हटलं, सगळं काढ. त्याने विचारलं, घरात कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, भुवयाही काढ. तो मालकाला बोलवायला आत गेला.

घरी आलो तर ही वह्या तपासत होती. वर बघितलं आणि हसायला लागली, ती थांबेना. पदराने डोळे पुसायची, माझ्याकडे बघायची, की पुन्हा सुरू. शेवटी म्हणाली, “मला तुमचे पांढरे आवडायला लागले होते. म्हटलं नाही कधी.” हे तिने जानेवारीत म्हटलं असतं तर कारखान्याचे किती दिवस वाचले असते.

मग शनिवारी डब्याबरोबर कचेरीतल्या खणातून आणलेली हवाबाईची वही काढली. सतरा जागा, सतरा वेळा माझं नाव. अक्षर शेवटपर्यंत चांगलं ठेवलं.


बुधवार, १८ मार्च

बैठकीत शिरलो आणि सगळ्यांचं बोलणं थांबलं. पाण्याचा प्रमुख उठून उभा राहिला, त्याला वाटलं कुणी पाहुणा आला. साहेबांच्या हातात पेन होतं, अहवाल समोर. मी त्यावर वही ठेवली.

साहेबांनी पान उलटलं, मग पुन्हा मागे उलटलं. “सतरा वेळा तुम्हीच?”

“हो साहेब.”

“झडप उघडून काय करत होतात?”

“डोकं आत घालून झाक बघत होतो.”

“आणि डोक्याला काय होतं?”

“कलप.”

कुणाला तरी ठसका लागला. हवाबाई टेबलाकडे बघत होती. साहेबांनी विचारलं, का लावायचात. मी ठरवून गेलो होतो की कामाचं तेवढंच सांगायचं, पण तोंडातून निघून गेलं, “तुम्ही पहिल्या दिवशी ताज्या दमाची माणसं म्हणालात, म्हणून.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “ते भाषण मुख्य कचेरीकडून छापून आलं होतं. मी नुसतं वाचलं.”

निर्णय असा : फरशीकाका आजच आत. मी सत्तावीसपर्यंत काचेच्या दारापलीकडे जायचं नाही. नव्या पद्धतीवर काम करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव राहील की नाही, ते सत्तावीसनंतर.

भंगाराच्या अंगणात जाऊन फरशीकाकांची माफी मागितली. हात जोडले. ते उलट्या बादलीवर बसले होते, माझ्याकडे टक लावून बघत राहिले. म्हणाले, “साहेब, आधी मला विचारायचं. फरशीवर रोज कोण कुठे उभं राहतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?” म्हणजे यांनाही माहीत होतं. मग बोललात का नाही, विचारलं. “समिती होती ना,” ते म्हणाले आणि बादली उचलून चालू लागले.


शुक्रवार, २७ मार्च

सकाळी नऊपासून काचेबाहेर होतो. आत हवाबाई, यंत्रावरची धाकटी मुलगी आणि बंद झडप. बाहेर पडद्यावर एकेका चकतीचा निकाल येणार होता. माझ्या डोक्यावर पांढरे खुंट आलेत, दारातल्या पहारेकऱ्याने ओळखपत्र दोनदा बघितलं.

दहा वाजता बाई आल्या, पुढे साहेब. हवाबाई त्यांना घ्यायला बाहेर दाराशी आली. दाराशी आता हवाबाईचा डबा असतो, प्रत्येकाने त्यासमोर उभं राहायचं. बाई उभ्या राहिल्या, डबा गप्प. साहेब उभे राहिले आणि डबा किंचाळला.

हवाबाईने डबा हलवून बघितला. पुन्हा किंचाळला. साहेबांचे कान लाल झाले. बाईंनी विचारलं, काय झालं. हवाबाईने माझ्याकडे बघितलं, समितीचा अध्यक्ष मी अजूनही होतो, कुणी काढलं नव्हतं. मला एका क्षणात कळलं की साहेबांनाही एकोणचाळिशीत आरशात पंचेचाळिशी दिसली असणार आणि काल घरी त्यांनीही कलप लावला असणार.

खोटं सांगत नाही, थोडं गोड वाटलं. एकच वाक्य बोललो असतो तर बस्स होतं. पण हवाबाईने तीन आठवडे एक रकाना रिकामा ठेवला होता, ते आठवलं.

मी म्हटलं, “बाई, आकडे इथे बाहेर येतात. साहेबांना मी थांबवून घेतलंय, त्यांना सगळं समजावून सांगायचं आहे. तुम्ही आत जा.” बाई हवाबाईबरोबर आत गेल्या. डबा मी स्वतः बंद केला.

पहिली चकती वाया. दुसरीही वाया. हात आपोआप दाराकडे गेला, आत जाऊन बघावं असं इतकं वाटलं की दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. तिसरी चांगली. चौथी, पाचवी चांगली. मग एकामागून एक. दहावीनंतर मी श्वास मोजायचं सोडलं. साहेब शेजारी ताठ उभे होते. बाराव्या चकतीला त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “किती दिवस लागतात उतरायला?”

“चार-पाच. निदान चार.”

“म्हणजे मंगळवारी आत येता येईल.”

“येईल.”

विसावी चांगली चकती आली, म्हणजे पडद्यावरची बाविसावी, तेव्हा आतून टाळ्यांचा आवाज काचेपलीकडून ऐकू आला. पंचवीस संपल्या तेव्हा चांगल्या तेवीस. यंत्रं इथेच राहणार. फरशीकाका काचेमागे फडकं धरून उभे होते, त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि पुसायला गेले.

जाताना साहेब म्हणाले, “यादीत तुमचं नाव आहे. आत नाही, इथे दाराशी. नव्या लोकांना काय करू नये ते तुम्ही शिकवायचं.” मी हो म्हटलं. आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याचबरोबर एवढी वर्षं हातात होतं ते काहीतरी सुटल्यासारखंही वाटलं. तेवीस चकत्या, आणि एकीचीही झाक मी बघितली नाही.

संध्याकाळी हिला सांगितलं. हिने विचारलं, तुम्ही काय केलंत.

मी म्हटलं, “काही नाही. लांब उभा राहिलो.”

“एवढं शिकायला सत्तावीस वर्षं लागली,” ही म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खुंट टोचतात म्हणाली, पण हात लगेच काढला नाही.